हमीदाभाभींचा उलटा एप्रन

दिनांक ९ मे २००१, बुधवार. सकाळी आठ.

हजर: हमीदाभाभी, सुपरवायझर. आंबा धुणाऱ्या, कापणाऱ्या बायका एकोणीस. सुहास, मॅनेजर. बॉयलरवर एक, डबे बंद करायच्या मशीनवर एक. ऑफिसात मी. गैरहजर दोघी, एकीच्या घरी हळद, दुसरीचे हात चिकाने सोललेले. येणार: मुंबईचे खरेदीदार, अकरा वाजता.

माझ्या जुन्या वहीतलं हे पान आहे. रत्नागिरीबाहेर सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, हापूसचा रस डबाबंद करणारा एक छोटा कारखाना होता, आम्ही त्याला नुसतं ‘कॅनिंग’ म्हणायचो. १९९८ पासून चार हंगाम मी तिथे हजेरी, स्टोअर आणि नोंदी सांभाळल्या. मला याद्या करायची सवय आहे. बाजाराला जाताना, प्रवासाला निघताना, एखाद्याच्या बारशाला जातानासुद्धा मी यादी करते. हमीदाभाभी मला ‘यादीवाली’ म्हणायच्या. “यादीवाली, तुझ्या वहीत बघ गो, आज वीज जायची हाय काय?”

भाभी तेव्हा पन्नाशीच्या होत्या. राजिवड्यात राहायच्या. नवरा बोटीवर, वर्षातले दहा महिने घराबाहेर. एक मुलगी, लग्न होऊन मस्कतला. बुटक्या, चालायला झपझप, साडीवर घट्ट बांधलेली ओढणी आणि त्यावर कारखान्याचा पांढरा एप्रन. हंगामात मी त्यांना बसलेलं पाहिलं नव्हतं. डबासुद्धा खिडकीशी उभ्या राहून खायच्या. एप्रनच्या खिशात खोबरेल तेलाची चपटी बाटली असायची. आंब्याच्या चिकाने हात भाजतात, म्हणून तासातासाला त्या रांगेतून फिरत आणि प्रत्येकीला म्हणत, “हात दाव.” हात लाल दिसला की तेल लावून त्या बाईला धुण्याच्या कामावर पाठवायचं. यात कोणाचा वशिला चालत नसे.

कॅनिंगमधल्या बायका कुठून यायच्या ते सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्यावरच आहे. दर मार्च महिन्यात भाभी आसपासच्या गावांत घरोघर जायच्या. ओटीवर बसायच्या, चहा घ्यायच्या आणि सुनेशी नाही, सासूशी बोलायच्या. “तुमची सून मी नेतंय. एसटीत मी बसवीन, एसटीतून मी उतरवीन. जशी नेली तशी आणून देईन.” कारखान्याचं नाव कोणाला धड माहीत नव्हतं. सुना ‘भाभीकडे’ कामाला जायच्या. त्यातल्या बऱ्याच जणींना वर्षातले हे दोन महिनेच उंबऱ्याबाहेर काढायला मिळत.

आणि भाभींचं मुख्य काम आढीचं. भाताच्या पेंढ्यात कच्चे आंबे थरावर थर घालून पिकवायचे, त्यातली कुठली आढी कोणत्या दिवशी उघडायची हे त्या ठरवत. एक दिवस लवकर उघडली तर रस आंबट आणि फिका. एक दिवस उशीर झाला तर आंबूस. त्या मनगटापर्यंत हात पेंढ्यात घालायच्या, ऊब बघायच्या, मग मधल्या थरातला एक आंबा काढून चाखायच्या. वरच्या थरातला कधीच नाही. “वरचा आंबा पाव्हणा,” म्हणायच्या, “गोडच बोलतो. मधला घरचा. तो खरां सांगतो.” आढी उघडताना आंब्यांशी बोलायची सवय होती. “अरे आळशा, उठ ना! गाडी दारात आली!” बायका हसायच्या. मीसुद्धा ऑफिसच्या खिडकीतून ऐकायचे.

आदल्या हंगामाच्या शेवटच्या दिवशी मालक आप्पा सगळ्यांसमोर बोलले होते, “पुढल्या वर्षी मॅनेजर हमीदाभाभीच.” टाळ्याही झाल्या होत्या. मार्च २००१ मध्ये मी कामावर गेले तर केबिनच्या दारावर नवी पाटी: आप्पांचा भाचा सुहास. पुण्याहून अन्नप्रक्रियेची पदवी घेऊन आलेला, तीस-एकतीस वर्षांचा. भाभींना कोणी काही सांगितलं नव्हतं. त्यांनी ती पाटी वाचली, तशाच माझ्या टेबलाशी आल्या.

“यादीवाली, ह्या वर्षी बायका किती लिहिल्यास?”

“एकवीस.”

“सगळ्या येतो बोलल्यात?”

“तुम्हीच तर बोलून आलात, भाभी.”

“तांच म्हणतंय. मग आता कशी जाऊ मी?” वहीतल्या नावांवरून बोट फिरवलं. “मी नाय तर कुठची सासू सोडील? एकीच्या पण घरातून नाय सोडणार.”

एवढंच. आप्पांशी भांडण नाही, सुहासशी अबोला नाही. दुसऱ्या दिवशी आठच्या ठोक्याला हजर. पण एप्रिल उजाडला, पहिल्या आढ्या पडल्या आणि मला जाणवलं की आंब्यांशी बोलणं बंद झालंय. हात दाव, आढी बघ, डबे मोज, सगळं चालू होतं. माणूस मात्र त्यात नव्हतं.

सुहास वाईट नव्हता, हे आधी नोंदवते. कष्टाळू होता, बायकांना अहोजाहो करायचा. फक्त पुण्यात कुठलंतरी शिबिर करून आला होता. रोज सकाळी सगळ्यांना गोल उभं करायचा, तीनदा टाळ्या, मग एकसुरात: “मी आज शंभर टक्के देणार!” पहिल्याच दिवशी नंदाने हात वर केला. नंदा म्हणजे आमच्यातली सगळ्यात जलद कापणारी, जिभेनेही.

“साहेब, शंभर हितंच दिलां तर घरी जाऊन भाकरी कशाने थापू?”

“अहो नंदाताई, ते म्हणायचं असतं.”

“असां होय. मग दोनशे म्हणू या की.”

भाभी त्या गोलात सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत. मी मुद्दाम बघितलं होतं, हात एकमेकांना लागत होते पण आवाज येत नव्हता.

उलट्या एप्रनची सुरुवात चुकून झाली. एका सकाळी भाभी आल्या तेव्हा एप्रनची शिवण बाहेर, खिसा आत. नंदाने टाळ्यांच्या गोलातच पकडलं. “भाभी, एप्रन उलटा घातलात! आज कुठल्या कुशीवर उठलात?”

भाभींनी खाली बघितलं. मला वाटलं आता नंदाची धडगत नाही. पण त्या म्हणाल्या, “राहू दे. आज मन नाय माझां. बाहेरून तरी दिसू दे.” मग रांगेतल्या सर्वांत वयस्कर गुणामावशींकडे वळल्या. “गुणामावशी, आज आढी तुमी बघा. मधला आंबा काढायचा, वरचा नाय. नंदा, कापायच्या पट्ट्याचा वेग तुझ्याकडे. कोण भांडली तर यादीवालीकडे पाठवा, ती नावा लिहून ठेवील. मी हात बघतंय.”

सुहास गोंधळला. “भाभी, बरं वाटत नसेल तर घरी जा ना.”

“बरी हाय मी, साहेब. बरी नसते तर सांगितलां असतां.”

त्या दिवसानंतर ती रीतच झाली. मन असलं की एप्रन सुलटा, भाभी नेहमीच्या भाभी. मन नसलं की उलटा, आणि आल्या आल्या वाटणी. आढी गुणामावशींची, वेग नंदाचा. हात बघायचं काम मात्र त्यांनी कधीही कोणाला दिलं नाही. एकदा डबा खाताना मी कारण विचारलं.

“तेवढां मन नसतानाही नीट होतां,” त्या म्हणाल्या. “लाल हात लालच दिसतो. आढीचां तसां नाय. आढीला जीभ लागते, नि मन नसलां की जिभेला काय कळत नाय.”

“पण बायकांना सांगायचं कशाला? त्यांचाही उत्साह जाईल.”

“मी नाटक केलां तर ह्या माझ्या तोंडाकडे बघत बसतील. सांगितलां तर आंब्याकडे बघतील.”

मला हे पटलं नव्हतं. माझ्या मते पुढाऱ्याने चेहरा सांभाळावा. पण माझा विश्वास आकड्यांवर असतो, म्हणून मी वहीच्या समासात उलट्या दिवसांवर बारीक फुल्या करायला लागले. महिन्याच्या शेवटी पाहिलं, तर फुली असलेल्या दिवशी डबे कमी निघाले नव्हते. उलट साका निघालेले, म्हणजे आतून पांढरे पडलेले आंबे त्या दिवशी जास्त बाजूला पडले होते. बायका जास्त डोळे उघडे ठेवत होत्या.  फुल्या चालू ठेवल्या.

आता ९ मे. आदल्या संध्याकाळी आप्पांनी सगळ्यांना थांबवून सांगितलं होतं: मुंबईच्या खरेदीदारांना रस पसंत पडला तर ते सगळा माल उचलतील आणि काम जूनपर्यंत चालेल. नाही पडला तर शनिवारी कुलूप. सगळ्या भाभींकडे बघत होत्या. शनिवारी कुलूप म्हणजे एकवीस घरांच्या ओटीवर दिलेला शब्द अर्ध्यात पडणार होता.

सकाळी भाभी एप्रन उलटा घालून आल्या. सुहास केबिनमधून बाहेर आला, हळूच म्हणाला, “भाभी, एक विनंती. आज तेवढा सरळ घाला. बाहेरची माणसं येणार, त्यांना काय वाटेल?”

त्यात त्याचं काही चुकलं असं मला तेव्हा वाटलं नाही. भाभींनाही नाही. त्या आडोशाला जाऊन एप्रन सुलटा करून आल्या, टाळ्यांच्या गोलात उभ्या राहिल्या आणि त्या दिवशी त्यांच्या टाळीचा आवाज आला. हसल्या, नंदाची चेष्टा केली, सगळ्यांना “चला गो, आज लग्नघर हाय आपल्याकडे,” म्हणाल्या. बायका खूश. मीही. फार दिवसांनी असं दिसत होतं.

मग त्या आढीकडे गेल्या. हात पेंढ्यावरून फिरवला, वरचा एक आंबा काढला, वास घेतला, एक फोड खाल्ली. “मस्त! काढा ही!”

वरचा आंबा. मी खिडकीतून पाहिलं. शिवाय माझ्या यादीत त्या आढीसमोर तारीख होती, त्या हिशोबाने ती उघडायला अजून दोन दिवस होते. मी पेन्सिल हातात धरून बसले आणि उठले नाही. एप्रन सुलटा होता. भाभींनी बघितलंय म्हटल्यावर आपण कोण?

मी एकटीच तशी नव्हते. नंदाने नंतर कबूल केलं की पाचव्याच आंब्याला सुरीला कळलं होतं. पिकलेल्यातून सुरी जाते तशी जात नव्हती. तिच्या शेजारणीने फोड चाखून तोंड वाकडं केलं होतं. पण कोणी बोललं नाही. नऊ क्रेट कापून झाले, रसाची दोन पिंपं भरली. रंग लिंबासारखा. साडेनऊ वाजले होते.

गुणामावशी उठल्या. त्या फार कमी बोलायच्या. पदराला हात पुसत भाभींसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि आंब्याचं नाव न काढता म्हणाल्या, “भाभी, एप्रन उलटा करा.”

पट्टा चालू होता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.  भाभी पिंपाकडे गेल्या, बोट बुडवून जिभेला लावलं. दुसऱ्यांदा लावलं. चेहरा असा झाला की मी ऑफिस सोडून बाहेर आले.

“मशीन बंद कर,” त्या म्हणाल्या. तिथेच, सगळ्यांच्या देखत, एप्रनची गाठ सोडली, तो उलटा केला आणि पुन्हा चढवला.  गाठ नंदाने मारली.

“साहेब, ही चूक माझी. कुणाच्या नावावर टाकू नका.”

सुहासने घड्याळ पाहिलं. “भाभी, आता दीड तासात...”

“दीड तासात होतां. मी नाय करत, ह्या करतात. गुणामावशी, कुठची आढी?”

गुणामावशींनी पलीकडच्या कोपऱ्यातली दाखवली. “ती कालच तयार व्हती. मी बोलणार व्हते.”

“मग बोललात का नाय?”

“तुमी हसत व्हतात,” गुणामावशी म्हणाल्या.

 पेंढा उचलला गेला. नंदाने पट्ट्याचा ताबा घेतला आणि तिच्या तोंडाचा पट्टाही सुरू झाला. कोणाला टवळी, कोणाला म्हातारी. पण हात असे चालले की मी मोजणी सोडून स्वतः धुण्याच्या टाकीवर उभी राहिले. सुहासने कोट काढला. त्याच्याकडे रसाची गोडी मोजायचं छोटं यंत्र होतं, दुर्बिणीसारखं एका डोळ्याने बघायचं. तो प्रत्येक घमेल्यातला थेंब त्यावर टाकत होता आणि आकडा ओरडून सांगत होता, गुणामावशी त्याच घमेल्यात बोट बुडवत होत्या. एकदा तो म्हणाला, “हे जमेल.” मावशी म्हणाल्या, “नाय जमत, बाजूला.” त्याने बाजूला ठेवलं. त्या दिवसानंतर सकाळच्या टाळ्या बंद झाल्या, तसा हुकूम काही निघाला नाही.

आणि भाभी? रांगेतून फिरत होत्या. हात दाव. हात दाव.

खरेदीदार सव्वाअकराला आले. साठीचे गृहस्थ, बोलायला मोजके. नवा रस चाखला, मान हलवली, दुसरा चमचा घेतला. मग त्यांची नजर कोपऱ्यातल्या दोन पिंपांवर गेली. आप्पा पुढे होऊन काहीतरी सांगणार होते, त्याआधी भाभी म्हणाल्या, “तां नका घेऊ, शेठ. तां माझ्या हातून बिघडलां. आढी लवकर उघडली.”

आप्पांनी डोळे मिटले. खरेदीदारांनी तेही चाखलं. मग भाभींच्या एप्रनवरच्या शिवणीकडे बोट करून विचारलं, “हे असं का घातलंय?”

नंदा मध्येच, “आमच्यात तशी पद्धत हाय!”

“गप गो. शेठ, आज माझां लक्ष कामावर नाय. म्हणून काम ह्यांनी बघितलां. चांगला रस हाय तो ह्यांचा.”

ते गृहस्थ हसले नाहीत की रागावलेही नाहीत. चहा मागितला, घेतला, नमुन्याचे डबे गाडीत ठेवून गेले. आमचे दोन दिवस कसे गेले ते सांगत नाही. गुरुवारी कोणी धड जेवलं नाही. शुक्रवारी दुपारी तीनला फोन आला, मीच उचलला. सगळा माल पसंत. फोन ठेवला, आधी वहीत वेळ लिहिली. मग खिडकीतून ओरडले, “घेतला! सगळा घेतला!” एरवी मी ओरडत नाही.

नंदाने सुरी टाकून गुणामावशींना उचललं. आप्पा केबिनबाहेर येऊन काहीतरी बोलत होते, कोणी ऐकत नव्हतं. भाभी कुठे दिसेनात. शोधलं तर आढीच्या खोलीत, रिकाम्या पेंढ्यावर बसल्या होत्या. बसल्या बसल्याच झोप लागली होती, तोंड जरासं उघडं. नंदाने ओठांवर बोट ठेवलं. बायका एक एक करून जागेवर गेल्या आणि वीस-पंचवीस मिनिटं तो कारखाना इतका हळू आवाजात चालला की मशीनला तेल घातल्यासारखं वाटावं. मग त्या उठल्या. त्यांनी केसांतला पेंढा काढला आणि म्हणाल्या, “चला, हात दाव.”

जूनमध्ये शेवटचा डबा बंद झाल्यावर भाभींनी आप्पांना सांगितलं की पुढच्या वर्षी येणार नाही. आवाज चढला नाही. त्यानंतर त्या कधीच कॅनिंगमध्ये आल्या नाहीत. गुणामावशी आणखी दोन हंगाम आढी बघत होत्या. मीही पुढे दुसरीकडे लागले.

शेवटची भेट २००३ सालची, रत्नागिरीच्या एसटी स्टँडवर. भाभी गुहागरकडच्या गाडीची वाट बघत बसल्या होत्या. वेळणेश्वरच्या बाजूला त्यांच्या बहिणीचं घर होतं. भरल्या होत्या जराशा, तोंडावर तेज होतं. पुढच्या महिन्यात मुलीकडे मस्कतला जाणार होत्या. मला बघितल्यावर पहिलं वाक्य, “वही हाय काय?”

होती अर्थातच.

“लिही. मी तर चाललंय. आता त्या बायकांना दुसरीकडे काम मागायचां तर कुणाच्या नावावर मागतील? प्रत्येकीला एक कागद करून दे. सुहास सही करील, मी बोललेय त्याच्याशी. पण नुसतां ‘काम केलां’ असां लिहू नको. कुणाला काय येतां तां लिही. नि ‘सगळां येतां’ असां तर अजिबात नको. तसां लिहिलंस की वाचणाऱ्याला वाटतां हिला काहीच येत नाय.”

त्या सांगत गेल्या, मी बाकावर वही टेकून लिहीत गेले. गुणा: आढीची ऊब हाताने कळते. नंदा: वेग राखते, दुसऱ्यांकडूनही राखून घेते. एक: साका बाहेरून ओळखते, दहात आठदा. एक: नव्या बाईला दोन दिवसांत तयार करते. एकवीसच्या एकवीस त्यांच्या डोक्यात होत्या, दोन वर्षांनंतर. अठरावर आलो तेव्हा गाडी लागली. त्या आत चढल्या, खिडकीशी जागा मिळवली आणि तिथून एकोणीस, वीस सांगितल्या. मी गाडीबरोबर चालत होते.

“आणि सुमन?” मी विचारलं. सुमन रांगेच्या टोकाला बसायची, चार हंगामांत तिचा आवाज मी दोनदा ऐकला असेल.

“सुमन!” भाभी खिडकीतून अर्ध्या बाहेर आल्या. “अगो तिचां तर...” कंडक्टरने घंटी मारली, इंजिन गरजलं. भाभींचे ओठ हलताना दिसले, मग हात दिसला, हवेत काहीतरी करून दाखवणारा, आणि गाडी वळली.

२००७ मध्ये भाभी मस्कतलाच वारल्या, झोपेत. त्यांच्या पुतण्याने कळवलं. सुमनचं विचारायचं राहूनच गेलं.

कागद मी केले. सुहासने प्रत्येकावर सही केली, एकही वाक्य न बदलता. वीस कागद पोचले. नंदाने तो दाखवून दुसऱ्या कारखान्यात सुपरवायझरची जागा मिळवली. एकविसाव्या कागदावर नाव आहे, सही आहे, मधली ओळ कोरी आहे. मी स्वतः काही लिहायचा प्रयत्न केला, दरवेळी ‘सगळं येतं’ याच अर्थाचं काहीतरी होतं, आणि खोडलं. सुमन आता आंजर्ल्याजवळ असते असं ऐकते. तिच्याकडे जाऊन विचारायचं आहे.